स्नोमोबाइलचे एक्झॉस्ट गॅस्केट वेळेआधी झिजते आहे. बदलताना काय काय तपासावे?

हिमवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझ्याकडील स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, दोन सिलिंडरांचे, लिक्विड-कूल्ड टू-स्ट्रोक इंजिन आहे. तिच्या एक्झॉस्टच्या जोडांतून धूर गळतो आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही, आणि गॅस्केट (जोडातली फट बुजवणारा थर) बदलण्याचे काम घरीच करण्याचा विचार आहे. जुने काढून नवे बसवणे एवढेच असते तर धागा काढला नसता; पण जे गॅस्केट झिजले आहे ते फारसे जुने नाही, मागच्या हंगामाच्या तोंडावरच नवे बसवलेले होते, म्हणून येथे विचारते आहे.

लक्षणे अशी आहेत. थंड इंजिन सुरू केले की बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येते आणि इंजिन तापले की ती बरीचशी मावळते. दोन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा वाय पाइप जेथे मोठ्या, फुगीर ट्यून्ड पाइपला मिळतो, त्या जोडाच्या खालच्या अंगाला काळा तेलकट चिकटा साचतो. पुसून काढला तरी एका फेरीनंतर पुन्हा हजर असतो. त्या जोडासमोरच्या पॅनेलवरील उष्णतारोधक फॉइल तपकिरी पडले आहे. शिवाय पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम पूर्वीइतके चढत नाहीत.

जोड उघडून आतली ग्राफाइटची रिंग बाहेर काढली. ती एका बाजूला जवळजवळ मूळ जाडीची आहे आणि समोरच्या बाजूला निम्मीसुद्धा उरलेली नाही. पातळ भागाची आतली कड घासून चकचकीत झाली आहे, तर बाहेरच्या कडेचे ग्राफाइट नखाने टोकरताच भुकटी होऊन सुटते आणि आत विणलेली तार उघडी दिसते.

माझे प्रश्न असे : केवळ ही रिंग बदलावी की सिलिंडर आणि वाय पाइप यांच्यामधली गॅस्केटेही? रिंगेबरोबर सिलिकॉन सीलंट लावावे का? आणि नवी रिंगही अशीच एका अंगाने झिजू नये म्हणून काय करावे?

जुनापाना

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोहोंची उत्तरे त्यात दडलेली आहेत. रिंग सगळीकडून सारखी झिजली असती, तर तिचे आयुष्य संपले असे म्हणून विषय मिटला असता. एका अंगाने झिजलेली रिंग मात्र असे सांगते की जोडाचे दोन भाग एका रेषेत बसत नाहीत, किंवा चालताना एकमेकांच्या तुलनेत हलत आहेत. हा जोड मुळातच थोडा हलू देणारा असतो. इंजिन रबरी फाउंडेशनवर थरथरते, पाइप आणि मफलर चॅसिसला टांगलेले असतात, आणि या दोहोंमधली हालचाल याच गोलाकार जोडाने पोटात घ्यायची असते. ती मर्यादेबाहेर गेली की रिंग रंध्यासारखी तासली जाते.

म्हणून नवी रिंग मागवण्याआधी इंजिनाची फाउंडेशने, म्हणजे ते ज्यांवर टेकलेले असते ती रबरी टेकणे, पाहावीत. थ्रॉटल दिला की ड्राइव्ह बेल्टच्या ताणाने इंजिन दुसऱ्या पुलीच्या दिशेने, म्हणजे मागे ओढले जाते. हा ओढा अडवण्यासाठी बहुतेक स्नोमोबाइलींत टॉर्क स्टॉपर म्हणून एक रबरी टेकण असते. ते झिजले असेल, त्याची फट वाढली असेल किंवा एखाद्या फाउंडेशनचे रबर धातूपासून सुटले असेल, तर प्रत्येक थ्रॉटलला इंजिन डोलते आणि वाय पाइपचे तोंड त्या रिंगेत फिरते. सुटलेले रबर वरून पाहून कळत नाही. इंजिनाखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलावे, म्हणजे फट उघडते. याला एक साक्षीदारही असतो : ड्राइव्ह बेल्टची एकच कड जास्त खाल्लेली असेल, तर पुल्यांची रेषा बिघडलेली आहे, आणि त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरे, स्प्रिंगा. जोडाला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा काढून मोकळ्या ठेवल्या की त्यांचे वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले पाहिजेत. वेढ्यांमध्ये उजेड दिसत असेल, तर ती स्प्रिंग ताणली जाऊन निकामी झाली आहे, मग बाहेरून कितीही चांगली दिसो. हुकाच्या आतल्या बाजूला खाच पडली असेल तरीही बदलावी. एकच नवी आणि बाकीच्या जुन्या असे केल्यास जोड नव्या स्प्रिंगेकडे ओढला जातो, आणि पुन्हा एका अंगाने झीज सुरू होते. त्या जोडावरच्या सगळ्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात.

तिसरे, मफलरची आणि ट्यून्ड पाइपची रबरी टेकणे. ती कडक झाली असतील किंवा मफलर एखाद्या धडकेने सरकला असेल, तर पाइप जबरदस्तीने जोडावर येऊन बसतो. स्प्रिंगा न लावता पाइप नुसता जागेवर ठेवून पाहावा; तो आपणहून जोडावर बसला पाहिजे. त्याला हाताने रेटून आणावे लागत असेल, तर नवी रिंगही जुनीच्या वाटेने जाणार.

लहरी

आरपीएम का चढत नाहीत, याबद्दल थोडे लिहितो, कारण अनेकांना हा जोड म्हणजे केवळ आवाजाचा आणि धुराचा प्रश्न वाटतो.

टू-स्ट्रोकचा ट्यून्ड पाइप हा धूर वाहून नेणारा नळ नव्हे, तो इंजिनाचाच एक भाग आहे. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरातून धूर बाहेर पडण्याचे तोंड, उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये निघते. पाइप रुंदावतो तेथून ऋण दाबाची लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करून ताजे मिश्रण ओढायला मदत करते. पुढे पाइप अरुंद होतो तेथून धन दाबाची लाट उलटते आणि पोर्टातून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटरसायकल कंपनीचे अभियंता वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात या विद्येला जे रूप दिले, त्यावर १९६१ मध्ये १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २००, मिळाली. आजच्या स्नोमोबाइलचा पाइप त्याच तत्त्वावर चालतो.

आता वेळेचा हिशेब पाहा. ८,००० आरपीएमला क्रँकच्या एका फेऱ्याला ७.५ मिलिसेकंद लागतात, आणि एक्झॉस्ट पोर्ट साधारण अर्ध्या फेऱ्यापुरते उघडे असते. म्हणजे लाटेने जाऊन परत येण्याचा सगळा खेळ चारेक मिलिसेकंदांत आटोपतो. लाटेच्या वाटेवरच्या पहिल्या जोडाला भेग असेल, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही लाटांचा जोर तेथे फुटतो. सीव्हीटीमुळे (बेल्ट आणि पुल्यांच्या, गिअर न बदलाव्या लागणाऱ्या यंत्रणेमुळे) हा तोटा वेगळ्या रूपात दिसतो : पुल्या ठरावीक शक्तीच्या अपेक्षेने बसवलेल्या असतात, त्यामुळे शक्ती घटली की इंजिन त्या भाराखाली कमी आरपीएमवरच अडकते. अशा वेळी पुलीची वजने बदलण्याच्या मागे लागणारे लोक पाहिले आहेत. गळती असताना पुली जुळवणे म्हणजे रोग एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

आणखी एक परिणाम असा की बॉनेटखाली गळलेला धूर एअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात, ओढला जातो. त्या हवेत ऑक्सिजन कमी असल्यामुळे मिश्रण पेट्रोलच्या बाजूने जड होते, इंजिन घुसमटते आणि मिसिंग करू लागते. कार्ब्युरेटर किंवा स्पार्क प्लगवर संशय घेण्याआधी जोड पाहावेत.

शांतपणे

एक सूचना, कोणी लिहिलेली दिसली नाही म्हणून. गळती शोधण्यासाठी किंवा काम झाल्यावर तपासण्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करू नये, दार किलकिले ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. आपल्याला जो वास येतो तो तेलाचा आणि न जळलेल्या पेट्रोलचा, त्यामुळे वास कमी आहे याचा अर्थ धोका कमी आहे असा होत नाही.

चौथा आटा

कामाच्या क्रमाबद्दल लिहितो. जुनापाना यांनी सांगितलेली तपासणी आधी करावी, हे गृहीत धरतो.

टकटक थंड असताना येते आणि तापल्यावर मावळते, हे लक्षण सिलिंडरच्या तोंडाशी असलेल्या गॅस्केटकडे बोट दाखवते. धातू तापून फुगला की तेथली बारीक फट मिटते. काळा चिकटा रिंगेच्या जोडाचा आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन गळत्या आहेत, आणि वाय पाइप काढावाच लागेल; तेव्हा सिलिंडरकडची दोन्ही गॅस्केटे नवी घालावीत. एकदा आवळून दबलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये, कारण त्यावरचा उठावाचा कंगोरा एकदाच दबण्यासाठी असतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पॅनेल काढल्यावर स्प्रिंगांची जागा आणि हुकांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत याचा फोटो काढून ठेवावा. स्प्रिंग काढण्यासाठी टी-आकाराच्या मुठीचा हूक वापरावा. पक्कड किंवा पेचकस लावून उचकटण्याचा मोह टाळावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण निसटलेली स्प्रिंग नेमकी चेहऱ्याकडेच येते. पाइपवर तापमानाचा सेन्सर असेल, तर त्याची वायर आधी सोडवावी. मग मफलर, मग ट्यून्ड पाइप आणि शेवटी वाय पाइप, असा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो.

वाय पाइप सुटताच सिलिंडरची तोंडे स्वच्छ कापडाने बुजवावीत. जुन्या गॅस्केटचे तुकडे आणि कडक कार्बन खरवडताना एखादा कण आत पडला, तर तो पिस्टनवर ओरखडा काढल्याशिवाय राहत नाही. ज्या बाजूला काम चालू आहे, त्या सिलिंडरचा पिस्टन पोर्ट झाकेल अशा स्थितीत आणून ठेवला तर आणखी चांगले. खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पितळी पट्टी घ्यावी. सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि पोलादी पात्याची एक चीरसुद्धा पुढे गळतीची वाट होते. फार जुन्या यंत्राचे मूळ गॅस्केट असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये, ओले करून काढावे.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. वाय पाइपच्या फ्लँजवर (सिलिंडरला टेकणाऱ्या सपाट कडेवर) सरळ पोलादी पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) सरकवून पाहावे. उष्णतेने फ्लँज वाकलेला असेल, तर कोणतेही गॅस्केट तेथे टिकणार नाही. थोडासा बाक असेल, तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर फ्लँज आठाच्या आकारात घासत सपाट करता येतो. बाक जास्त असेल, तर तो भाग बदलणे शहाणपणाचे. वाय पाइपच्या दोन शाखा जेथे मिळतात त्या काट्यात आणि वेल्डच्या कडेला केसासारखी चीर नाही ना, हेही उजेडात पाहावे. गॅस्केटला मागची-पुढची बाजू असते आणि काहींना ओळखीसाठी जीभ ठेवलेली असते. सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती पाहूनच ते बसवावे.

तांबडा डबा

सिलिकॉनबद्दल इतरांपेक्षा माझे मत थोडे वेगळे असेल. गोल जोडावर उष्णतारोधक सिलिकॉनचा पातळ थर लावणे मी चुकीचे मानत नाही. काही यंत्रांत त्या जोडाला रिंगच नसते, धातूवर धातू बसतो आणि सीलंटच अपेक्षित असते. तुमच्या जोडाला रिंग आहे, पण धातूच्या गोलाला जुनी घासण असेल, तर पातळ थराने फायदा होतो.

जुनापाना

तांबडा डबा यांच्याशी अर्धा सहमत आहे. गोल जोडावर आणि केवळ बाहेरच्या अंगाला पातळ थर चालेल. सिलिंडरच्या तोंडाशी मात्र मुळीच नको. तांब्याच्या रंगाचे उष्णतारोधक सिलिकॉन साधारण ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते आणि पोर्टातून निघणारा धूर जोरात चालवताना ६०० अंशांच्या वर असतो; तेथे ते जळून भुकटी होते आणि मागे फट ठेवते. जाड थर दिला, तर दाबाने आत आलेला पदर सुटून पाइपमध्ये फिरत राहतो.

दुसरी गोष्ट हिवाळ्यात काम करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते, आणि कडाक्याच्या थंडीतली हवा कोरडी असते. डब्यावर लिहिलेले २४ तास उबदार खोलीतले असतात. थंड शेडमध्ये त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. संध्याकाळी लावून सकाळी फेरीला निघणाऱ्याचा जोड पहिल्या चढालाच पुन्हा उघडतो.

हिमवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. जुनापाना यांनी सांगितल्याप्रमाणे दांडा घालून इंजिन उचलून पाहिले. पुढची फाउंडेशने ठीक आहेत, पण मागच्या एका फाउंडेशनचे रबर धातूच्या पट्टीपासून अर्ध्याहून अधिक सुटलेले आहे. वजन खाली असताना ती भेग पूर्ण मिटलेली दिसते. बेल्टचीही एकच कड झिजलेली आहे. रिंगेचा पातळ भाग जोडात ज्या अंगाला होता, त्याच दिशेला इंजिन डोलते आहे. तीन स्प्रिंगांपैकी दोन मोकळ्या असताना वेढ्यांमधून उजेड दिसतो. म्हणजे मागच्या वेळी रिंग बदलली गेली, पण तिच्या भोवतालचे काहीच पाहिले गेले नाही.

आता अडचण वाय पाइपच्या नटांची आहे. दोन नट सुटले, उरलेले जाम आहेत आणि स्टड (सिलिंडरमध्ये रोवलेला, नट बसतो तो आटेदार दांडा) पिळला जाईल अशी भीती वाटते.

चौथा आटा

जोर लावणे येथेच थांबवावे. स्टड तुटला की पाऊण तासाचे काम दिवसावर जाते. गंज सोडवणारे तेल नटाच्या मुळाशी लावून रात्रभर मुरू द्यावे. मध्येच पुन्हा एकदा द्यावे. दुसऱ्या दिवशी नटावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत आणि नट थोडा सैल, थोडा घट्ट अशा आळीपाळीने हलवावा. एकाच दिशेने ओढत राहिल्यास गंजाची भुकटी आट्यांत दाटते. तरीही न हलल्यास नट तापवावा लागतो, पण तेथे पेट्रोलच्या नळ्या आणि तेलाचा चिकटा असतो, म्हणून उघडी ज्योत नेण्याआधी तेल पुसून घ्यावे आणि नळ्या दूर कराव्यात. इंडक्शन हीटर मिळत असेल, तर तोच घ्यावा.

नटाऐवजी अख्खा स्टडच सिलिंडरमधून बाहेर येऊ लागला, तर तेही वाईट नाही, फक्त तो सरळ येऊ द्यावा. ॲल्युमिनियमचे आटे बाहेर ओढले गेले, तर हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारे तारेचे वेटोळे) घालून ते नवे करता येतात. परत बसवताना आट्यांना निकेल किंवा तांब्याची अँटी-सीझ पेस्ट अगदी थोडी लावावी. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून कोरडे आटे वर्षभरात एकमेकांत रुततात. पेस्टमुळे घर्षण घटते आणि टॉर्क रेंचवरच्या त्याच आकड्याला स्टड अधिक ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेलकट, हे पाहूनच रेंच लावावे, आणि नट एकाआड एक, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.

चार ठोके

मी फोर-स्ट्रोकवाला आहे, म्हणून थोडेसेच. यामाहाच्या आरएक्स-१ आणि अपेक्ससारख्या यंत्रांत पाइप सीटखालून मागे जातो, त्यामुळे वाटेत जोड अधिक येतात आणि मागच्या रिंगा झिजल्या तरी पॅनेल काढेपर्यंत दिसत नाहीत. तेथे थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येणे हे पहिले लक्षण समजावे. ज्या इंजिनांत ऑक्सिजन सेन्सर आहे, तेथे सेन्सरच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण पेट्रोल वाढवतो.

हिमवाट (धागाकर्ती)

नट सुटले, एक स्टड नटासकट बाहेर आला, पण आटे शाबूत आहेत. फ्लँज पट्टीखाली सरळ भरला. मागचे फाउंडेशन, तिन्ही स्प्रिंगा, रिंग आणि सिलिंडरकडची दोन्ही गॅस्केटे नवी बसवली, आणि पाइप आता न रेटता जागेवर बसतो. सिलिकॉन लावलेले नाही. बाहेर काढून चालवून पाहिले, टकटक गेली आहे. मात्र एका सिलिंडरच्या बाजूला, फ्लँजच्या वर, तेलाचा बारीक ओघळ अजून दिसतो. तो जोडाचाच असेल का? आणि नट पुन्हा केव्हा आवळावेत?

जुनापाना

ओघळ फ्लँजच्या वरून सुरू होत असेल, तर तो नव्या गॅस्केटचा नसावा. धुराची गळती वर चढून तेल साचवत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टाची उंची कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे, पाहावे. रोटॅक्सचे रेव्ह, पोलॅरिसचे व्हीईएस आणि आर्क्टिक कॅटचे एपीव्ही ही एकाच कामाची यंत्रणा आहे, आणि तिच्या तळाला स्वतःचे वेगळे गॅस्केट असते. ते कडक झाले की तेल तेथून पाझरून फ्लँजवर उतरते आणि दोष एक्झॉस्टच्या जोडावर येतो. सगळे पुसून कोरडे करावे, एक छोटी फेरी मारून डाग कोठून सुरू होतो ते पाहावे.

शंका उरलीच, तर इंजिन थंड असताना, उबदार जागेत, मफलरच्या तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू लावून जोडांवर साबणाचे पाणी फवारावे. बुडबुडे जागा दाखवतात. नट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर एकदा रेंच लावून तपासावेत. गरम इंजिनावर आवळू नयेत. त्याच वेळी नव्या फाउंडेशनचे बोल्ट आणि टॉर्क स्टॉपरची फटही मॅन्युअलप्रमाणे पाहून घ्यावी, आणि पुल्यांची रेषा जुळवल्यावर बेल्ट नवा घालावा, कारण एका कडेने खाल्लेला बेल्ट सरळ रेषेतही तिरकाच चालतो.